पाचव्या खोलीची मालकीण

मावशींसमोर कुणाबद्दल ‘तो आता सुधारलाय’ असं बोलायची सोय नव्हती. “कवा?” असं त्या लगेच विचारायच्या. कोणत्या दिवशी सुधारला, सकाळी की संध्याकाळी, आणि तेव्हा तू तिथं होतीस का? मी समाजकार्याची पदवी घेतलेली, फायली सांभाळणारी, अहवाल लिहिणारी बाई. माझ्याकडे याला उत्तर नसायचं. मग मी चिडायचे. मी चिडले की त्या माझ्यापुढे भाकरी आणि सुकटीची चटणी सरकवायच्या आणि माझं तोंड भरलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. आमच्या घरात मासे चालत नसत. सुकट मी त्यांच्या ओटीवर खायला शिकले आणि घरी बरीच वर्षं कळू दिलं नाही.

त्या राहनाळच्या. भिवंडीच्या आसपासची भातशेती भराभर गोदामांखाली जात होती तेव्हाची, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. मावशींच्या शेतातही गोदाम उभं राहिलं होतं. मुलानं बंगला बांधला, हॉलमध्ये झुंबर लावलं. मावशी त्या झुंबराखाली चादर अंथरून, पंखा पूर्ण वेगात सोडून त्यावर बोंबील पसरायच्या, कारण गच्चीवरचे कावळे नेतात. स्वतः झोपायच्या मात्र जुन्या घराच्या ओटीवर. गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं आगरी पद्धतीचं लुगडं, कानात जड सोनं आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. टाच दुखते म्हणून डॉक्टरनं बूट घालायला सांगितले होते, कसले ते सांगितलं नव्हतं.

त्यांचं एक पालुपद होतं, “आनि मंग?” डॉक्टर, सरपंच, गोदामाचा मॅनेजर, ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांना हेच. समोरचा थांबला की म्हणायच्या, “आनि मंग?” त्यात कुत्सितपणा नसायचा, खरोखरच पुढचं ऐकायचं असायचं. एकदा पुतणीला बघायला आलेली माणसं मुलाचं कौतुक करत होती. मावशी प्रत्येक वाक्याला ‘आनि मंग?’ करत गेल्या आणि तासाभरानं मुलाच्या बापानंच सांगून टाकलं की नोकरी सुटून सहा महिने झालेत. लग्न मोडलं. मावशींना त्याचं वाईट वाटलं, कारण मुलगा त्यांना आवडला होता.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती जेलमध्ये. आमची एक छोटी संस्था होती. बलात्काराच्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी आम्ही दर बुधवारी एक गट चालवायचो. त्या काळी असलं काही कुणी करत नव्हतं, त्यामुळे कसं करायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. माझ्यापाशी परदेशातल्या एका पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या, त्यांचं मी रात्री जागून मराठी करायचे. वडील शाळेत हेडक्लार्क होते. आळीत कुणी विचारलं तर ‘ती सरकारी कामात आहे’ एवढंच सांगायचे.

गटात नऊ जण होते. चोर, खुनी, दरोडेखोर, सगळे यांच्यावर थुंकायचे, बराकीत यांना मार बसायचा. आणि विचारलं तर नऊही जण एकच सांगायचे, “केस लागली.” ताप यावा तशी केस लागलेली. ‘मी केलं’ एवढं म्हणायला लावण्यात माझे चार महिने गेले होते.

एके दिवशी राहनाळचं महिला भजनी मंडळ जेलमध्ये आलं. भजन संपल्यावर कैदी रांगेनं बायकांच्या पाया पडत होते. टाळ हातात घेतलेल्या मावशींनी वाकलेल्या, माझ्याच गटातल्या एकाला विचारलं, काय केलंस रे? तो म्हणाला, केस लागली. मावशी म्हणाल्या, “केस काय रस्त्यान पडलेली व्हती?” जेलर हसले. तो माणूस हसला नाही. खाली बघत त्यानं दोन वाक्यांत काय केलं ते सांगितलं आणि पुढच्या बाईच्या पाया पडायला सरकला. मी भिंतीशी उभी होते. चार महिने झेरॉक्स काढणारी मी.

मी जेलरांच्या मागे लागून मावशींना बुधवारचा पास मिळवून दिला. कागदावर त्यांना ‘समाज प्रतिनिधी’ लिहिलं. मावशी आल्या, स्टुलावर बसल्या, बूट काढून शेजारी ठेवले आणि पहिले दोन बुधवार काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी बाहेर पडताना मला म्हणाल्या की हे सगळे शाळेतल्या पोरांसारखं पाठ करून येतात. मला राग आला. मी म्हटलं, ही त्यांच्या इतक्या महिन्यांच्या कामाची भाषा आहे. पण मनात खुटखुटलं, म्हणून बराकीच्या वॉर्डरला विचारलं. खरंच होतं. झेरॉक्सवरून मी प्रश्नांचे तक्ते करून दिले होते, त्यांची उत्तरं बराकीत बिड्यांच्या बदल्यात मिळत होती. गटात नवा आलेला कैदी आधी त्यातून तयार व्हायचा. “मॅडम का जवाब याद करो, माफी मिलेगी,” असं त्यांच्यातला एक जण सगळ्यांना शिकवायचा. मॅडमच्या चांगल्या शेऱ्यानं शिक्षेत सूट मिळते अशी त्यांची समजूत होती. मी अशी सूट कुणाला देऊच शकत नव्हते, हे कुणी विचारलंही नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

या सगळ्यांत हुशार होता टेम्पोवाला. अकलोलीच्या बाजूचा, भिवंडीत टेम्पो चालवायचा. शेजारच्या एका शाळकरी मुलीवर त्यानं अत्याचार केला होता. ‘मी माझ्या कृत्याची संपूर्ण जबाबदारी घेतो आणि पीडितेला झालेल्या वेदनेची मला जाणीव आहे’ हे वाक्य तो असं म्हणायचा की पाहुण्या अधिकाऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझेही एकदोनदा भरले. मी त्याच्यावर आठ पानी अहवाल लिहिला होता, संस्थेनं तो मोठ्या अभिमानानं पुढे पाठवला होता.

मावशींनी चौथ्या बुधवारी त्यालाच धरलं. तो बोलला, मावशी म्हणाल्या, आनि मंग? तो पुन्हा बोलला. आनि मंग? वाक्यं संपली तशी त्या म्हणाल्या, “त्या दिशीं सकाली तिनं काय खाल्लं व्हतं?”

तो म्हणाला, मला काय माहीत.

“शेजारची व्हती ना? मंग इचार कर.”

दोन बुधवार हाच प्रश्न. बाकीचे आठ जण चुळबुळत होते, मी घड्याळ बघत होते. माझ्या कुठल्याही झेरॉक्समध्ये हा प्रश्न नव्हता. त्याच्या पुढच्या बुधवारी टेम्पोवाला आल्या आल्या भिंतीकडे बघत म्हणाला, “चा-बटर. आमच्याच घरी. माज्या आईनं दिला व्हता.” मग तो तिथंच ओकला. नंतर तो सव्वा महिना गटात आला नाही, जेवण टाकायला लागला, एकदा दवाखान्यात न्यावं लागलं. जेलरांनी मावशींचा पास रद्द केला आणि मला बोलावून सांगितलं की कैद्यांना आजारी पाडण्यासाठी आपण कार्यक्रम चालवत नाही.

मी त्यांच्या बाजूनं बोलायला हवं होतं का? मला खरंच ठरवता आलं नाही. तो माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता असं मला वाटत होतं, आणि एका अडाणी बाईच्या हाती मी त्याला नुसता सोलून काढायला दिला असंही वाटत होतं. मी गप्प बसले. मावशींना भेटायला गेले तेव्हा त्यांनी पासाचं विचारलंही नाही. टेम्पोवाला जेवतो का, एवढंच विचारलं.

दोन वर्षांनी तो सुटला. गावानं वेशीतूनच परत पाठवलं. आई वारली होती. ज्यांच्या गाड्या चालवायचा त्यांनी ओळख दाखवली नाही. आठवडाभर तो भिवंडीच्या एसटी स्टँडवर झोपला आणि आमच्या ऑफिसच्या दारात येऊन बसायला लागला. मी मावशींकडे गेले. बंगल्यामागे त्यांची सहा खोल्यांची चाळ होती, त्यातली पाचवी रिकामी होती. चाळीत आणि पुढच्या गल्लीत मिळून दहा-बारा कुटुंबं, लूमवर शिफ्ट करणारी, गोदामात हमाली करणारी. सगळीकडे पोरं. बंगल्यात मावशींची सहा वर्षांची नात.

मावशी म्हणाल्या, खोली देते. पण त्यानं आधी घरोघर जायचं, आपण काय केलंय ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मग खोलीत पाय टाकायचा.

मी हादरले. मी त्यांना गोपनीयता समजावली, त्याचा हक्क समजावला, त्याला लोक मारतील हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. “आनि मंग?” म्हणाल्या. मग पुढं म्हणाल्या, “बाय, चालीत कोनची पोर कुटं खेलते ते त्याला म्हाईत असनार. मंग त्याचं पोरींच्या आयांना म्हाईत नको?”   तरी मी नाहीच म्हणत राहिले. शेवटी टेम्पोवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, जातो.

रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं निघालो. पुढे मावशी, मध्ये तो, मागे मी. पहिल्या दारात बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दारात नवऱ्यानं दोन थोबाडीत दिल्या, मावशी मध्ये पडल्या नाहीत, तिसरीच्या वेळी मात्र त्या माणसाचा हात धरला. तिसऱ्या दारात घाबरून त्यानं माझं वाक्य सुरू केलं, ‘मी माझ्या कृत्याची संपूर्ण’ – तोच मावशींनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. “बाईंचं नको बोलूस. तुजं बोल.” मी मागे उभी, कानापर्यंत लाल. चौथ्या घरातली म्हातारी त्याचं ऐकून घेऊन त्याला पाणी देऊन गेली आणि मग आत जाऊन मोठमोठ्यानं रडली. का रडली ते आम्हाला कळलं नाही, मावशींनीही तिथं ‘आनि मंग’ केलं नाही. अकरा दारं झाली. त्याचा ओठ फुटला होता. पाचव्या खोलीचं कुलूप उघडून मावशींनी त्याला आत घातलं आणि मला म्हणाल्या, चल, जेवून जा.

दोन कुटुंबांनी महिनाभरात खोल्या सोडल्या. पाण्याच्या नळावर बायका मावशींशी बोलेनाशा झाल्या. आणि सुनेनं नातीला उचलून माहेर गाठलं. तिनं मला ऑफिसात फोन केला. मला वाटलं, ओरडेल. ती अगदी हळू बोलली, “ताई, तुम्ही लोकं लिहून देता. ऱ्हावं आम्हाला लागतं.” मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला. तिचं चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही, आज तर मुळीच वाटत नाही.

मावशी नातीवर जीव टाकायच्या. तिच्या वेण्या त्याच घालायच्या, त्याही इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर जायच्या.  ती गेल्यावर दर शनिवारी एसटीनं सुनेच्या माहेरी जायच्या, बाहेर अंगणात बसून नातीची वेणी घालायच्या, परत यायच्या. सून म्हणायची, त्याला काढा, मी उद्या येते. मावशी त्यालाही काढत नव्हत्या आणि सुनेलाही ‘तू ये’ म्हणत नव्हत्या. मुलगा दोघींच्या मधे वाळून चालला होता. मला अपराधी वाटायचं, म्हणून मी जास्तच फेऱ्या मारायचे, आणि मावशी मला मासे निवडायला बसवायच्या.

आमच्या संस्थेचा एक फॉर्म होता. सहा महिन्यांनी भरायचा. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द, ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’, एकावर खूण करायची. मी तो ओटीवर बसून भरत होते. मावशींना विचारलं, काय लिहू, सुधारला का तो?

“मना काय म्हाईत?” त्या म्हणाल्या. “आज सकाली आटला कामावर गेला. सातला येल. आला का मी इचारीन.”

हे खरं होतं. रोज संध्याकाळी तो गोदामावरून आला की त्या त्याला ओटीसमोर उभा करून दिवस विचारायच्या. कुठं होतास, कुणाशी बोललास, मनात काय आलं. तो सांगायचा. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मी एकदोनदा ऐकलं आणि मग उठून आत जायला लागले. त्याच्या मनात जे यायचं ते सगळंच ऐकवण्याजोगं नसायचं, आणि तो ते सांगतो याचा आनंद मानावा की पोलिसांना फोन करावा, मला समजेना. मावशी ऐकायच्या आणि म्हणायच्या, बरं, जेव जा. तो फॉर्म मी कोरा ठेवला. संस्थेच्या साहेबांनी ऑफिसात बसून ‘यशस्वी’वर खूण केली.

आठव्या महिन्यात तो स्वतःच म्हणाला की मला इथून हलवा. समोरच्या घरातली मुलगी त्याला ‘मामा’ म्हणायला लागली होती. तिनं दोनदा त्याच्या दारात येऊन चेंडू मागितला होता. दोन्ही वेळा तो दार लावून आत बसला, पण तिसऱ्या वेळी आपण काय करू ते आपल्याला सांगता येत नाही, असं त्यानं मावशींना सांगितलं. मी तिथंच बसले होते. दहा वर्षांची शिक्षा, माझा गट, तक्ते, अकरा दारं, आणि हा माणूस अजून हे बोलतोय. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र मी पहिल्यांदा समाधानासारखं काहीतरी बघितलं. कसलं ते त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळख काढून त्याला मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात ठेवलं. चोवीस तास ट्रक, वजनकाटा, आसपास एकही घर नाही. संध्याकाळचा हिशेब मात्र सुटला नाही. तो सायकलवरून सात वाजता यायचा, ओटीसमोर उभा राहायचा, सांगायचा आणि जायचा. सून नातीला घेऊन परत आली, पण त्या वेळी ती नातीला आतल्या खोलीत ठेवायची.

मग माझं लग्न झालं, संस्थेचे पैसे आटले, बुधवारचा गट बंद पडला. मी भिवंडीतच एका शाळेत लागले. मुलगी झाली. राहनाळला जाणं कमी झालं.

मुलगी चार वर्षांची असताना एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर टेम्पोवाला. केस पिकलेले, हातात लग्नपत्रिकांचं बंडल. मावशींच्या चुलत नातवाचं लग्न होतं. तो पायरीवरही चढला नव्हता, खाली गल्लीत उभा होता. माझ्यामागून मुलीनं डोकं काढलं तशी त्यानं मान रस्त्याकडे वळवली आणि तसंच तिकडे बघत म्हणाला, “मावशीनं सांगितलाय, हलदीला याचाच.” मी पायऱ्या उतरून पत्रिका घेतली. ‘आत या, चहा घ्या’ हे शब्द आपल्याकडे आपोआप तोंडातून येतात. माझ्या तोंडातून आले नाहीत. तो गेल्यावर मी दार लावलं, कडी घातली, मुलीला जवळ घेऊन बसले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की दिवसभर काही सुचलं नाही. दुसऱ्या बाजूनं असंही वाटत होतं की बरं केलं. दोन्ही अगदी सारखंच खरं वाटत होतं.

हळदीला दुपारी गेले. आगऱ्यांची हळद, म्हणजे अख्खं गाव मांडवात. ब्रास बँड, डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली माणसं, पोरांचा नाच. माझी मुलगी त्यात कधी घुसली कळलंही नाही. मावशी खूप वाकल्या होत्या, पण बूट तेच. मी त्यांच्याजवळ बसून दारातली गोष्ट सगळी सांगून टाकली. त्यांना विचारलं, माझं चुकलं का?

त्या म्हणाल्या, “माज्या नातीला मी त्याच्यापाशी कंदी येकली सोरली न्हाय. आजून न्हाय.”

 मग एवढं सगळं केलंत कशाला, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं, बँड वाजत होता. त्याला ठेवलात कशाला?

“मंग कुटं ठेवनार त्याला?” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी वाढप्याला हाक मारली, एक ताट भरून घेतलं. भात, मटण, दोन भाकऱ्या, कांदा. नाचणाऱ्या पोरांतून माझ्या मुलीला हाताला धरून ओढून आणलं, मांडीवर बसवलं आणि ताट माझ्या हातात दिलं. “रस्त्याव हाय तो. ह्ये त्याला दे. पोरीला माज्यापाशी ऱ्हाऊं दे.”

तो मांडवापासून बराच लांब, नाक्यावर, पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होता. मांडवाकडे पाठ होती. मी गेले, ताट पुढे केलं. त्यानं हात पँटला पुसले, पण ताट घेतलं नाही. माझ्या मागे बघितलं, मी एकटीच आहे ना हे पाहिलं.

“मॅडम, पोरगी कोनापाशी हाय?”

“मावशींपाशी.”

“मंग बरं,” तो म्हणाला, ताट घेतलं, आणि एका ट्रकच्या सावलीत बसून जेवायला लागला.